आरोग्यसेवेचे पदवी शिक्षण आणि कर्जाचा हिशेब

विदर्भातील गावोगावचे पालक पाल्याच्या शिक्षणासाठी नागपुरात येतात आणि सीताबर्डीसारख्या मध्यवर्ती भागातील बँकांत शैक्षणिक कर्जाची चौकशी करतात. भौतिकोपचार, प्रयोगशाळा तंत्र, क्ष-किरण तंत्र यांसारख्या व्यवसायांना २०२१ च्या केंद्रीय अधिनियमाने वैधानिक चौकट लाभली आहे. तथापि, मान्यतेमुळे वेतन आपोआप वाढत नाही.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही. परतफेडही अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. या सवलतीच्या काळात व्याज मात्र थांबत नाही.

उदाहरणार्थ, पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पहिली चार वर्षे दरवर्षी १ लाख रुपये उचलले आणि व्याजदर १० टक्के धरला, तर परतफेडीच्या आरंभी सरळव्याजानेच ४ लाखांचे ५ लाख ८० हजार होतात. दहा वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे ७,६६५ रुपये येतो. आरंभीचे वेतन २०,००० रुपये असल्यास तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रक्कम हप्त्यातच जाईल. शिक्षणकाळापासूनच व्याज भरत गेल्यास हाच हप्ता सुमारे ५,२९० रुपयांवर येतो. पहिल्या वर्षी हे व्याज दरमहा ८३३ रुपये असते.

म्हणून प्रवेशापूर्वी शासकीय महाविद्यालयातील जागा व शुल्क सवलतीच्या योजना आधी पाहाव्यात. खाजगी संस्थेत मागील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष किती वेतन मिळाले, याची विचारणा करावी. हा हिशेब पालकांना वेळीच समजावून देणे, हे शिक्षक व पंचायत सदस्यांना सहज करता येण्याजोगे कार्य आहे.