अंगणातली अनामिका

पौषातली सकाळ होती. धारवाडच्या जुन्या घरांना अजून जी थोडीबहुत परसे उरली आहेत, त्यांपैकी एका परसात कोथिंबिरीचा एक वाफा खुडावयाचा राहून गेला होता आणि त्यावर पांढऱ्या फुलांचे बारीक तुरे आले होते. नातीला घेऊन आम्ही उन्हात उभे होतो. एकाएकी ती आमच्या धोतरामागे दडली आणि ओरडली, "अज्जा, गांधीलमाशी! मारा ना तिला!"

आम्ही पाहिले. पिवळ्याकाळ्या पट्ट्यांची, जेमतेम अर्ध्या बोटाएवढी एक माशी फुलांच्या वीतभर वर हवेत उभी होती. उभी म्हणजे अक्षरशः उभी. अदृश्य दोऱ्याने टांगल्याप्रमाणे ती एका जागी स्थिर होती, क्षणात डावीकडे सरकली आणि पुन्हा स्थिर झाली. हातातला पंचा आम्ही उगारलाही होता, पण खाली घेतला. कारण ती गांधीलमाशी नव्हती. तिला नांगी नव्हती, विष नव्हते. होते ते केवळ सोंग.

इंग्रजीत या कुळाला 'हॉवरफ्लाय' म्हणतात आणि आपले कृषी खाते 'सिरफिड माशी' म्हणते. बोलीत मात्र तिला रूढ नाव नाही. मधमाशी, गांधीलमाशी, कुंभारीण, गोमाशी अशी बाकीच्यांना नावे ठेवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी हिला का वगळले, हे कोडेच आहे. बहुधा तिचे सोंग इतके बेमालूम वठले असावे, की तिला वेगळी म्हणून कोणी ओळखलेच नाही.

ओळखावयाची खूण तशी सोपी आहे. मधमाशी आणि गांधीलमाशी यांना चार पंख असतात, हिला दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागी गदेसारख्या दोन इवल्या दांड्या असतात आणि उडताना तोल सांभाळण्याचे काम त्या करतात. डोके बहुतेक डोळ्यांनीच व्यापलेले, आणि अनेक जातींत नराचे दोन्ही डोळे माथ्यावर एकमेकांना भिडलेले. मिशा मात्र आखूड. पंख सेकंदाला शंभराहून अधिक वेळा फडफडतात, म्हणूनच ते आपणांस दिसत नाहीत आणि माशी टांगल्यासारखी भासते. निरुपद्रवी प्राण्याने विषारी प्राण्याचा वेष घेऊन पाखरांना चकवावे, या युक्तीचे मर्म हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १८६२ साली प्रथम उलगडले. ॲमेझॉनच्या अरण्यात फुलपाखरे पाहून त्याने जे ताडले, ते आपल्या परसातल्या कोथिंबिरीवरही तितकेच खरे आहे.

या कुळाच्या जगभरात सुमारे सहा हजार जाती ज्ञात आहेत आणि भारतीय उपखंडातील जातींची संख्या साडेतीनशेच्या आसपास जाते. परंतु ही नावे कोणी दिली, कशी दिली, हा इतिहास माशीपेक्षाही मनोरंजक आहे. आपल्याकडे सर्वत्र आढळणारी 'इस्किओडॉन स्क्युटेलारिस' ही माशी घ्या. तिचे नामकरण १८०५ साली फाब्रिसियसने केले. हा लिनियसचा शिष्य. तो स्वतः हिंदुस्थानात कधी आला नाही, पण तामिळ किनाऱ्यावरील ट्रांकेबार या डॅनिश वसाहतीतून कीटकांच्या पेट्या त्याच्यापर्यंत पोहोचत असत. पुढे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेत या माश्यांचा खंड १९२३ साली निघाला. तो लिहिणारे एन्रिको ब्रुनेटी हे पेशाने संगीतकार होते. कलकत्त्यात वाद्यवादनावर पोट भरावे आणि उरल्या वेळात माश्यांच्या पंखांतील शिरा मोजाव्यात, असे त्या गृहस्थांचे आयुष्य होते.

असे छंदिष्ट आमच्या मुलखाच्या आसपासही होऊन गेले. धारवाड आणि कारवार हे दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात होते, त्या काळची ही गोष्ट. सातारा येथे १८५१ साली जन्मलेले एटकेन हे मीठ व जकात खात्यातले अधिकारी, डेव्हिडसन हे कलेक्टर आणि बेल हे जंगल खात्यातले. या तिघांनी मिळून उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांचा अभ्यास केला. नुसती पाखरे टाचून ते थांबले नाहीत. अळी कोणते पान खाते, कोष कोठे बांधते, हे घरी अळ्या पाळून त्यांनी नोंदले. १८८३ साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत एटकेन होते आणि त्याच संस्थेच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

आणि या माश्यांच्या बाबतीत तर धारवाडचे नाव विशेष मानाने घ्यावयास हवे. कुमार घोरपडे या कीटकशास्त्रज्ञांनी १९९४ साली या कुळातील एका गटाच्या ओळखतालिका प्रसिद्ध केल्या आणि त्यांत कित्येक नव्या जातींचे वर्णन केले. त्यांनी दिलेली काही नावे आपल्या कानांना घरची वाटतात. 'असार्किना' या प्रजातीतील एक जात 'पीतांबरा', दुसरी 'भीमा'. एका नव्या प्रजातीचे नाव तर 'अग्निसिर्फस', आणि तीतील एक जात 'अंगारा'. लॅटिनच्या दरबारात संस्कृत शब्द असे ताठ मानेने जाऊन बसलेले पाहिले, की मन सुखावते. पुढे घोरपडे धारवाडच्या कृषी विश्वविद्यालयाशी संलग्न होते आणि उपखंडातील या माश्यांची सुधारलेली सूची त्यांनी २०१४ साली 'कोलेमनिया' या नियतकालिकातून प्रसिद्ध केली. ते नाव म्हैसूर संस्थानात शेतकी खात्याचा पाया घालणाऱ्या लेस्ली कोलमन यांची आठवण देते. दख्खनच्या जोंधळ्यावर पडणाऱ्या बिनपंखी नाकतोड्याचा अभ्यास करणारे कोलमन ते हेच.

येथे वाचक विचारतील, की नवी जात सापडली म्हणजे नेमके काय होते? माशी तर नवी नसते. लक्षावधी वर्षे ती येथेच नांदत असते. नवे असते ते आपले डोळे उघडणे. अभ्यासकाच्या हाती एक नमुना येतो आणि तो कोणत्याच ज्ञात वर्णनाशी जुळत नाही. मग दोन-अडीचशे वर्षांचे ग्रंथ धुंडाळावयाचे, निरनिराळ्या संग्रहालयांतील जुने नमुने ताडून पाहावयाचे. पंखातील शिरा, चेहऱ्याचा उंचवटा, पोटावरील पट्ट्यांची मोडणी आणि नराच्या जननेंद्रियाची घडण, जी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते, हे सारे मोजावयाचे आणि त्याची चित्रे काढावयाची. खात्री पटली, की एक नमुना त्या जातीचा आदर्श म्हणून निवडावयाचा. हा नमुना संग्रहालयात जपून ठेवला जातो आणि पुढे कधीही वाद निघाला, तर निवाडा त्याच्या साक्षीने होतो. नव्या जातीसाठी असा नमुना नेमणे आता सक्तीचे आहे. शेवटी दोन शब्दांचे नाव, जशी पद्धत लिनियसने १७५८ साली प्राण्यांसाठी घालून दिली. नाव स्थळाचे असेल, रूपाचे असेल किंवा एखाद्या गुरुजनांचेही असेल. स्वतःचे नाव मात्र आपण शोधलेल्या जातीस देऊ नये, असा सभ्य संकेत आहे. बारसे करणाऱ्या आत्याने बाळाला स्वतःचे नाव ठेवू नये, तसेच हे.

एवढ्या उठाठेवीचा उपयोग काय, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आमच्या काळ्या रानात आहे. येथून अण्णिगेरीकडे निघालात, की थंडीच्या दिवसांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना हरभरा आणि करडई दिसते. करडईचा मोठा वैरी म्हणजे मावा. कोवळ्या शेंड्यांवर काळ्या ठिपक्यांसारखा तो चिकटतो आणि रस शोषून झाड खंगवतो. अशा माव्याच्या गर्दीतच सिरफिड माशीची मादी आपली अंडी नेमकी घालते. अंड्यातून निघणारी अळी बिनपायांची, आंधळी, ओंगळच म्हणावी अशी. पण ती चाचपडत पुढे सरकते आणि एकेक मावा उचलून शोषून टाकते. कोष बांधीपर्यंत एकेका अळीने शेकडो मावे फस्त केलेले असतात. लेक अशी कर्दनकाळ आणि आई मात्र फुलाफुलांवर मध चाखत परागसिंचन करणारी!

२००२ साली उसावरील लोकरी माव्याने सांगली जिल्ह्यात आणि पाठोपाठ बेळगाव भागात केवढा हाहाकार उडवला, हे अनेकांना आठवत असेल. पाने पांढरी पडली आणि शेतकरी धास्तावले. पुरुषभर वाढलेल्या उसात फवारणी तरी कशी करावी? तेव्हा लक्षात आले, की काही कीटक हा मावा आपण होऊन खात आहेत. 'डिफा' नावाच्या पतंगाची अळी, 'मायक्रोमस इगोरोटस' हा जाळीदार पंखांचा कीटक आणि त्यांच्या जोडीला 'युपिओडीस कॉन्फ्रेटर' ही आपली सिरफिड माशी. पहिले दोन्ही वाढवून उसात सोडण्याच्या कामी धारवाडच्या कृषी विश्वविद्यालयाने पुढाकार घेतला. या माशीला तिचे नाव वीडेमान या जर्मन वैद्याने १८३० साली दिले होते. तेव्हा बेळगावच्या उसाची त्याला स्वप्नातही कल्पना नसेल. परंतु कोण काय खातो, याची नोंद नावावाचून ठेवता येत नाही, आणि नोंदीवाचून मित्र कोण, शत्रू कोण, हे ठरत नाही. ज्याला नाव नाही, तो औषधाच्या फवाऱ्यात शत्रूबरोबर मुकाट मरतो.

याच कुळातील काही माश्यांच्या अळ्या गढूळ, कुजक्या पाण्यात वाढतात आणि शेपटासारखी लांब नळी वर काढून श्वास घेतात. उणकलच्या तळ्यापासून गल्लीतल्या गटारापर्यंत अशी जागा त्यांना कोठेही पुरते. इंग्लंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले, की दक्षिण ब्रिटनच्या आकाशातून दरवर्षी चार अब्जांपर्यंत सिरफिड माश्या स्थलांतर करीत येजा करतात. आपल्या आकाशातून किती जातात? ते मोजावयास माणसे हवीत. पण पिकांचे आणि कीटकनाशकांचे शास्त्र शिकावयास जितकी मुले पुढे येतात, तितकी सूक्ष्मदर्शकाखाली पंखाच्या शिरा पाहावयास येत नाहीत. या कामात पैसा नाही, प्रसिद्धी नाही. एकेक जाणकार निवृत्त होतो, तेव्हा कपाटभर नमुने ओळखू शकणारी दृष्टीही त्याच्याबरोबर जाते. जी माशी अजून बारशाची वाट पाहत आहे, तिची वस्ती असलेला ओढा किंवा माळ मात्र तोवर थांबत नाही. तेथे भूखंड पडतात.

आपल्यासारख्या घरगुती माणसांनी निदान एवढे तरी करावे. कोथिंबिरीचा, बडीशेपेचा एखादा वाफा फुलू द्यावा. कढीपत्त्यावर किंवा वालाच्या वेलावर मावा दिसला, तर औषध मारण्याआधी भिंगातून पाहावे. त्यात एखादी हिरवट, पांढुरकी अळी वळवळत असेल, तर तिला तिचे काम करू द्यावे. आणि घरात एखादे मूल कीटकांमागे तासन्‌तास रमत असेल, तर "काय ते किडे!" म्हणून त्याला पुस्तकाकडे हाकलू नये. वही आणून द्यावी.

आम्ही नातीला भिंग दिले. ती पुढे सरकली, तशी माशी हलली आणि पुन्हा तेथेच उभी राहिली. "दोनच पंख!" नातीने मोजून सांगितले. मग तिने विचारले, "अज्जा, हिचं नाव काय?" आम्ही प्रामाणिकपणे सांगितले, की या एकाच वाफ्यावर येणाऱ्यांपैकी दोन-तीन आम्ही ओळखतो, ही ओळखता येत नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग वहीवर तारीख घालून तिने माशीचे चित्र काढावयास घेतले आणि पट्टे किती, ते मोजण्यासाठी पुन्हा वाफ्यावर वाकली.