गुलाबी रंगामागचं नाव

रंगीत सूक्ष्मजीवाची बातमी आली की आपल्याला आधी लोणार आठवतं. जून 2020 मध्ये सरोवर गुलाबी झालं आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासून सांगितलं, की हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्कियांचा आहे. याच संस्थेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये आणखी एक गुलाबी जीव जगापुढे ठेवला होता. त्याला लोणारसारखी प्रसिद्धी मिळाली नाही, पण माझ्या मते तो जास्त मोलाचा आहे.

तो भातखाचरातला. खाचरात पाणी साचलं की चिखलात मिथेन तयार होतो आणि हा फिकट गुलाबी जिवाणू त्या मिथेनवरच जगतो. जिवाणूंच्या मानानं त्याच्या पेशी चांगल्याच मोठ्या, आकार काकडीचा. म्हणून नाव मिथायलोक्युक्युमिस ओरायझी. लोणारचे जीव आणि हा, दोघेही गुलाबी. नातं मात्र इतकं लांबचं, की लोणारचे हॅलोआर्किया जिवाणूंमध्ये मोडतच नाहीत.

रंगावरून कूळ सांगता येत नाही, ते असं. निळं रंगद्रव्य बनवणाऱ्या, गोड्या पाण्यातल्या एका जिवाणूचं वर्णन 1893 मध्ये झालं. पुढे तो स्यूडोमोनास प्रजातीत जाऊन बसला आणि वोगेसेला ही त्याची स्वतंत्र प्रजाती ठरायला 1997 उजाडलं. आज रंगद्रव्य मिथेनॉलमध्ये उतरवून त्यातून प्रकाश सोडतात. कॅरोटिनॉइड असेल तर 400 ते 500 नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश शोषला जातो, जांभळं व्हायोलॅसिन असेल तर 575 च्या आसपास. यातून रंग कशाचा ते कळतं, जीव कोण ते नाही. त्यासाठी 16एस जनुक वाचायचं. ओळखीच्या जातींशी साम्य 98.7 टक्क्यांहून कमी भरलं, तर जात बहुधा नवी. साम्य त्याहून जास्त असेल, तर सगळा जीनोम जुळवून बघायचा. तिथली सीमारेषा 95-96 टक्क्यांची.

खरी दमछाक यानंतर सुरू होते. नावाला अधिकृत मान्यता हवी असेल तर जिवंत जिवाणू दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत ठेवावा लागतो आणि तो कुणाही संशोधकाला विनाअट मिळायला हवा. नियम रास्त आहे. जो जीव दुसऱ्याला तपासताच येत नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? पण आपल्याकडे 2002 चा जैवविविधता कायदा आहे. देशाची जैवसंपत्ती बाहेर जाताना त्यावर लक्ष राहावं, हा त्याचा हेतूही योग्यच. या दोन रास्त गोष्टींच्या कात्रीत भारतीय सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सापडतो. औषध कंपनीला विकायला नेलेला जिवाणू आणि नाव मिळावं म्हणून संग्रहात ठेवलेला जिवाणू यांत कायद्यानं स्वच्छ फरक करावा, ही मागणी मला अगदी योग्य वाटते.

आपल्या भातखाचरातल्या जिवाणूचं नाव 2018 मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा त्याच्याआधी 'कॅंडिडेटस' हा शब्द होता. नामकरणाच्या सगळ्या अटी अजून पूर्ण झालेल्या नाहीत, अशी ती खूण.