लाळ, रक्त आणि गालातला चट्टा

ओठ, जीभ, गालाची आतली बाजू, हिरड्या, टाळू, घसा, स्वरयंत्र आणि नाकालगतच्या पोकळ्या यांच्या अस्तरात उद्भवणाऱ्या कर्करोगांना मिळून डोके-मानेचे कर्करोग म्हणतात. त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक एकाच जातीचे, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींतून वाढलेले असतात. भारतात यांत तोंडाच्या कर्करोगाचा वाटा मोठा आहे. ग्लोबोकॅन या आंतरराष्ट्रीय कर्करोग-आकडेवारीच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार देशात वर्षाकाठी ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळतात. गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खाच ही या रोगाची इथली नेहमीची जागा आहे, कारण तंबाखूचा बार नेमका तिथेच धरला जातो.

धरमतरच्या खाडीकाठी हा विषय परका नाही. भाजलेल्या तंबाखूच्या मशेरीने दात घासण्याची सवय कोकणात जुनी आहे आणि ती विशेषतः बायकांत आढळते. ज्या रायगड जिल्ह्यात धरमतर आहे, त्याच जिल्ह्यात नावाजलेली श्रीवर्धन रोठा सुपारी पिकते. ‘नुसती सुपारी खातो, तंबाखू नाही’ असे निर्धास्तपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले. २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे निघाले. एकूण प्रौढांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते, तर तंबाखू चघळणारे, घासणारे किंवा हुंगणारे २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे.

तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध मुंबईतल्या संशोधकांनी लवकर तपासला. संघवी, राव आणि खानोलकर यांचा धूम्रपान व तंबाखू चघळण्याविषयीचा निबंध १९५५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ साली निष्कर्ष मांडले. सुपारीमुळे तोंड आक्रसत जाणाऱ्या विकाराचे सविस्तर वर्णन पिंडबोर्ग आणि सत्यवती सिरसाट यांनी १९६६ साली केले. रोगाचे कारण अशा रीतीने कळले, तरी रोगी उशिरा येण्याचे थांबले नाही. पांढरा किंवा लाल चट्टा दुखत नाही, न भरणारी जखम ‘दात लागला असेल’ म्हणून सोडून दिली जाते आणि मानेत गाठ आली की मग ‘टाटाला’, म्हणजे मुंबईच्या टाटा कर्करोग रुग्णालयात, जायची तयारी सुरू होते.

रोग लवकर पकडण्यासाठी शरीरातल्या द्रवांचा उपयोग करावा, ही कल्पना पेशीच्या खाण्यापिण्याच्या हिशेबातून आली. प्राणवायू पुरेसा असतानाही कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अर्धवट जाळतात आणि लॅक्टेट बाहेर टाकतात, हे ऑटो वारबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले. कर्करोग शोधणारा पेट स्कॅन ग्लुकोजच्या याच हावरटपणावर चालतो. वाढत्या पेशीला केवळ ऊर्जा पुरत नाही, नव्या पेशींसाठी कच्चा मालही लागतो. त्यासाठी ती ग्लुटामाइन ओढून घेते आणि पटले उभारण्यासाठी कोलीन वापरते. पुट्रेसिनसारखी पॉलिअमाइन द्रव्येही तिच्यात वाढतात. या उलाढालीचा काही अंश लाळेत, रक्तात आणि लघवीत उतरतो. अशा शेकडो लहान रेणूंची मोजदाद वस्तुमान वर्णपटमापक किंवा चुंबकीय अनुनादाच्या यंत्रांवर एकाच वेळी करता येते.

यांत लाळेचे आकर्षण सर्वाधिक आहे. सुई लागत नाही, दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते आणि तोंडातल्या गाठीला ती थेट धुऊन जाते. जपानमध्ये सुगिमोटो यांच्या गटाने २०१० साली २१५ जणांची लाळ तपासली. त्यांत तोंडाच्या कर्करोगाचे ६९ रुग्ण होते. रोगी आणि निरोगी यांच्यात ५७ रेणूंचे प्रमाण वेगळे निघाले आणि टॉरिन व पायपेरिडीन हे तोंडाच्या कर्करोगाचे खास दर्शक म्हणून पुढे आले. पुढच्याच वर्षी वेई, वोंग आदींनी कर्करोग, पांढरा चट्टा आणि निरोगी तोंड अशा तीन गटांची तुलना केली. व्हॅलिन, फेनिलॲलनिन आणि लॅक्टिक आम्ल यांची जुळणी त्यांना उपयोगी वाटली. रक्ताच्या बाबतीत लखनौच्या संशोधकांनी २०१५ साली ग्लुटामाइन, प्रोपिओनेट, ॲसिटोन आणि कोलीन यांकडे बोट दाखवले.

या याद्या शेजारी ठेवल्या की त्या एकमेकींशी फारशा जुळत नाहीत, आणि खरी अडचण इथे सुरू होते. ॲसिटोन आणि त्याच्या जातीची कीटोन द्रव्ये उपाशी माणसाच्या रक्तातही वाढतात. ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, घास गिळताना ज्याला रडू येते, त्या रोग्याचे रक्त कर्करोगाइतकेच भुकेविषयीही सांगत असणार. पुट्रेसिन तर किडलेल्या दातांतले जंतूही बनवतात. लाळ किती वाजता, जेवणानंतर किती वेळाने घेतली यावर आकडे बदलतात. जपानमधल्या २०१७ सालच्या अभ्यासात बारा तासांच्या उपासानंतरच्या नमुन्यांत फरक सर्वांत स्पष्ट दिसला. नमुना बर्फाविना तासभर राहिला तर जंतू त्यातले रेणू बदलत राहतात, ही गोष्ट मे महिन्याच्या उकाड्यात रायगडातल्या पेणमध्ये क्षुल्लक म्हणता येणार नाही.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुलनेचा आहे. कर्करोगाचा रुग्ण तीस वर्षे मशेरी लावणारा आणि त्याच्यासमोर उभा केलेला निरोगी माणूस तंबाखूला न शिवलेला, अशी जोडी लावली तर चाचणी रोग ओळखते की मशेरी, हे कळत नाही. तुलनेसाठी तितकीच वर्षे मशेरी लावूनही कर्करोग न झालेली माणसे हवीत. अशी माणसे टोकियोत किंवा लॉस एंजेलिसमध्ये मिळायची नाहीत. ती रायगडात आहेत. म्हणून परदेशी याद्यांपेक्षा इथल्या लोकांवरचे काम मोलाचे ठरते.

असे काम जिल्ह्यातच झाले आहे. टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संशोधन संस्था खारघरला, म्हणजे रायगडच्या पनवेल तालुक्यात आहे. तिथल्या मुरली कृष्ण यांच्या गटाने रामन वर्णपटाचा मार्ग धरला. रक्तद्रवावर लेसर सोडला की विखुरलेल्या प्रकाशात प्रथिने, मेदद्रव्ये आणि कॅरोटिनॉइड यांचे पट्टे उमटतात. एकेक रेणू मोजत न बसता या पद्धतीत संपूर्ण ठसाच वाचला जातो. २०१३ साली तोंडाच्या कर्करोगासाठी या पद्धतीचा प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध झाला. २०१५च्या अभ्यासात निरोगी आणि कर्करोगी यांच्यासोबत कर्करोगपूर्व विकाराचे लोकही तुलनेत घेतले. 

तरीही गावोगाव अशी चाचणी लावण्याआधी साधे गणित करावे लागते. समजा, तंबाखू खाणाऱ्या १००० लोकांत पाच जणांना कर्करोग आहे आणि चाचणी रोगी व निरोगी दोघांनाही शंभरांतल्या ८५ वेळा बरोबर ओळखते. ती पाचांपैकी चौघांना पकडेल आणि सुमारे १५० निरोगी लोकांना उगाच घाबरवेल. त्या दीडशे जणांची खाडीकाठची, भरती-ओहोटीच्या हिशेबाने चालणारी मजुरी बुडवून त्यांना खारघरला नेणे परवडणारे नाही. उलट तोंड हे बॅटरीच्या उजेडात दिसणारे इंद्रिय आहे. केरळमधल्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांतले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी घटले. राष्ट्रीय कार्यक्रमातही तिशीपुढच्या प्रत्येकाचे तोंड दर पाच वर्षांनी तपासायचे ठरले आहे. एवढे स्वस्त आणि सिद्ध साधन हाताशी असताना लाळेची चाचणी पहिल्या चाळणीला लावण्याचा आग्रह धरणे शहाणपणाचे नाही.

द्रवांच्या चाचणीची जागा डोळ्यांच्या पुढच्या पायरीवर आहे. चट्टा दिसला, पण तो कर्करोगाकडे झुकेल की वर्षानुवर्षे तसाच राहील, हे नजरेला सांगता येत नाही. प्रत्येक वेळी तुकडा काढून तपासायला लोक तयार होत नाहीत, आणि सुपारीने आक्रसलेल्या तोंडात तो काढणे डॉक्टरांनाही अवघड जाते. अशा माणसाची लाळ किंवा रक्त दर सहा महिन्यांनी घेऊन त्याच्याच मागच्या नमुन्याशी ताडले, तर मशेरी, आहार आणि वय यांच्या गोंधळाचा मोठा भाग आपोआप गळून पडतो. दुसरी जागा शस्त्रक्रियेनंतरची. गाल, जबडा आणि मानेच्या गाठी काढल्यावर व्रण व किरणोपचाराने घट्ट झालेल्या ऊतींत रोग परतला तरी तो उशिरा दिसतो. तिथे रक्तातला बदल आधी कळला तर फेरउपचाराला वेळ मिळेल. त्यासाठी उपचारापूर्वीचा नमुना गोठवून ठेवलेला असावा लागतो आणि पुढचे नमुने त्याच वेळी, तितक्याच उपासानंतर घ्यावे लागतात.