गुडघ्यांच्या मापाचं व्हेनिस

व्हेनिसचा नकाशा फोनवर उघडला की इथून तिथे चालत किती मिनिटं लागतील ते कळतं. वाटेत पायऱ्या किती ते कळत नाही. चारशेहून जास्त पुलांच्या शहरात खरी माहिती तीच असते. खालून होडी जायला हवी म्हणून तिथले बहुतेक पूल कमानीचे, मध्ये उंच आणि दोन्ही अंगांना पायऱ्या. दहा मिनिटांच्या वाटेत असे चार पूल सहज लागतात. आईचे दोन्ही गुडघे झिजलेत, मावशीच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि दोघींना व्हेनिस बघायचं होतं. आखणी माझ्याकडे आली तेव्हा बघायच्या जागांची यादी मी बाजूला ठेवली आणि आधी पूल मोजायला घेतले.

आपल्याकडच्या युरोप टूरमध्ये व्हेनिसच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. मुक्काम मुख्य भूमीवर मेस्त्रेला किंवा त्याहून लांब. सकाळी बस त्रोंकेत्तोला, तिथून बोटीने सेंट मार्क चौक, काच फुंकण्याचं प्रात्यक्षिक, गोंडोला, आणि दुपारी परत. कित्येकांना युरोप दिसतो तो अशा टूरमुळेच, हे मी विसरत नाही. पण शहरात सगळ्यात जास्त गर्दी असते ती नेमकी याच वेळात. 1951 साली जुन्या शहरात पावणेदोन लाख माणसं राहत होती, आज पन्नास हजारही नाहीत. 2024 पासून गर्दीच्या काही ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेतलं जाऊ लागलं. पहिल्या वर्षी असे 29 दिवस होते, पुढच्या वर्षी 54 झाले, आणि उशिरा नोंदणी करणाऱ्याला दहा युरो पडू लागले. शहरात रात्री राहणाऱ्यांना ते माफ असतं, कारण ते मुक्कामाचा कर वेगळा भरतात. माझं मत पक्कं झालं: राहायचं ते बेटावरच. मेस्त्रेला खोली स्वस्त मिळते हे खरं, पण सकाळ-संध्याकाळच्या ये-जा करण्यात गुडघे खर्च होतात, आणि आमच्याकडे जपून वापरायची चीज तीच होती.

बेटावर म्हणजे नेमकं कुठे, यात आखणीचा बराच काळ गेला. शहर शंभराहून जास्त लहान बेटांचं मिळून झालंय. वापोरेत्तोने, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीने, एखाद्या बेटावर उतरलं की तेवढ्यापुरती जमीन सपाट असते. पायऱ्या सुरू होतात त्या शेजारच्या बेटावर जाताना. महापालिकेने दिव्यांगांसाठी एक नकाशा केलाय, त्यात पूल न चढता बोटीने पोचता येईल असे भाग वेगळे दाखवलेत. तो छापून मी जेवणाच्या टेबलावर पसरला. मग रस्त्यांची नावं वाचत गेले. ‘रियो तेरा’ अशी सुरुवात असलेला रस्ता म्हणजे बुजवलेला कालवा. तो इतर गल्ल्यांपेक्षा रुंद असतो आणि पाणीच उरलेलं नसल्यामुळे त्यावर पूल नसतो. कास्तेल्लो भागातली गजबजलेली व्हिया गारिबाल्दीही अशीच बुजवलेल्या कालव्यावर उभी आहे. आमच्या कामाचा निघाला तो दोर्सोदुरोमधला रियो तेरा फोस्कारिनी. हा रस्ता एका टोकाला ग्रँड कॅनॉलवरच्या अक्कादेमियाच्या थांब्यापाशी सुरू होतो आणि दुसऱ्या टोकाला जुदेक्काच्या रुंद पाण्याकाठी, झात्तेरेच्या फरसबंदीवर संपतो. मध्ये एकही पूल नाही. घराच्या दोन्ही बाजूंना बोट आणि पायाखाली सपाट दगड, एवढं जुळलं तेव्हा निम्मी सहल आखून झाली असं मी मानलं.

घरमालकाकडून पत्ता आला तो दोर्सोदुरो आणि पुढे एक आकडा, एवढाच. तिथे घरांना क्रमांक रस्त्याप्रमाणे नसून अख्ख्या भागाला सलग दिलेले असतात, त्यामुळे त्या आकड्यावरून घर सापडत नाही. गल्लीचं नाव आणि जवळचा थांबा लिहून मागवला. असं घर घेणाऱ्या प्रत्येकाने हे निघण्याआधीच मागवावं, कारण जड बॅग घेऊन चुकीच्या पुलावर चढल्यावर ते कळून उपयोग नाही.

तारखा ठरवताना आईचा उपयोग झाला. ती रत्नागिरीची. व्हेनिसमध्ये शरदापासून हिवाळ्यापर्यंत पाणी चढतं हे तिने ऐकलं होतं आणि तिला काळजी होती. मी समजावत गेले तसं तिला ते माझ्याआधी कळत गेलं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला भरती मोठी, अष्टमीच्या सुमाराला भांगाची. “म्हणजे उधाणच की गं,” ती म्हणाली, आणि तिने कालनिर्णय काढलं. आमच्या मुक्कामाच्या सुरुवातीला पौर्णिमा येत होती. उधाणाच्या जोडीला आग्नेयेकडून सिरोक्को वारा सुटला आणि हवेचा दाब उतरला, तर एड्रियाटिक समुद्राचं पाणी उत्तर टोकाला, म्हणजे व्हेनिसकडे दाबलं जातं. 4 नोव्हेंबर 1966 ला ते 194 सेंटिमीटरपर्यंत चढलं होतं, 12 नोव्हेंबर 2019 ला 187 पर्यंत. ऑक्टोबर 2020 पासून मात्र शहराभोवतीच्या खाजणाच्या समुद्राकडच्या तिन्ही मुखांशी मिळून 78 दरवाजे काम करतात. एरवी ते पाण्याने भरून तळाशी आडवे पडलेले असतात. मोठ्या भरतीचा अंदाज आला की आत हवा सोडतात, पाणी बाहेर पडतं आणि दरवाजे उभे राहतात. साधारण 110 सेंटिमीटरच्या अंदाजाला ते उचलायचे असा नियम आहे. त्याखालच्या भरतीला शहरातला सगळ्यात सखल भाग असलेल्या सेंट मार्क चौकात पाणी साचू शकतं, म्हणून बॅसिलिकाभोवती आता काचेची भिंत उभी केली आहे. हे ऐकल्यावर आईने पौर्णिमेच्या आजूबाजूचे दिवस चौकासाठी नकोत म्हणून खूण केली आणि चौक मुक्कामाच्या शेवटाकडे ढकलला.

तरीही नोव्हेंबरच का, असं मावशीने विचारलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत जावं असं तिचं म्हणणं होतं. नोव्हेंबर मी पुलांसाठी निवडला. दर ऑक्टोबरच्या अखेरीला व्हेनिसची मॅरेथॉन असते. धावणारे झात्तेरेवरून येतात, तरंगत्या पुलावरून ग्रँड कॅनॉल ओलांडतात आणि पूर्वेच्या काठाने पुढे जातात. त्यांच्यासाठी वाटेतल्या पुलांच्या पायऱ्यांवर लाकडी उतार बसवतात आणि शर्यतीनंतरही ते कित्येक आठवडे तसेच ठेवतात. पाण्याकाठचा जो रस्ता एरवी आईला दुसऱ्या पुलाशी सोडावा लागला असता, तो त्या दिवसांत तिच्यासाठी उघडा असतो. शिवाय प्रवेशशुल्काचे दिवस उलटून गेलेले असतात आणि गर्दी उतरलेली असते. थंडी, धुकं आणि पावणेपाचच्या आत मावळणारा सूर्य यांची तयारी ठेवावी लागते. ती आम्ही ठेवली.

बाकीची कामं रीतीप्रमाणे. शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, आणि जिथे सर्वांत जास्त रात्री काढायच्या त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवाळी नुकतीच होऊन गेलेली म्हणून मावशीने फराळाचा डबा भरला. तुपाची बरणी आणि पेढे मात्र घरी ठेवायला लावले, कारण बाहेरच्या देशांतून दुग्धजन्य पदार्थ सामानात न्यायला युरोपीय संघात बंदी आहे. मेतकूट आणि भाजणी चालते. दोघी शाकाहारी, म्हणून स्वयंपाकघर असलेलंच घर घेतलं होतं. रिआल्तोच्या बाजारातून लाल भोपळा आणि त्रेव्हीझोचा लालसर कडवट पाला आणला, भाताबरोबर भोपळ्याची भाजी झाली, आणि पाला आईने पीठ पेरून केला. तो मला अजून आठवतो.

रोजच्या आखणीत मी एकेका दिवसाला एकच थांबा दिला. कागदावर लिहायचे ते थांबा, बसायला बाक आणि स्वच्छतागृह. सेंट मार्क चौकाच्या परिसरात पायऱ्यांवर किंवा जमिनीवर बसायला मनाई आहे, दंड होतो; तेव्हा बाक कुठे आहे हे आधी माहीत असणं भाग असतं. थांबा निवडताना नाव नीट बघावं लागतं. चौकाला जायला सान झाक्कारियाला उतरलं तर वाटेत पाल्या पूल चढावा लागतो; व्हाल्लारेस्सोला उतरलं तर पूल लागतच नाही. दोन्ही थांबे नकाशावर चौकाला खेटूनच दिसतात. उंचावरून शहर बघायला चौकातल्या घंटाघराला लिफ्ट आहे, पण मी त्यांना समोरच्या सान जॉर्जो माज्जोरे बेटावर नेलं. झात्तेरेवरून दोन नंबरची बोट थेट चर्चच्या दारात सोडते, तिथल्या मनोऱ्यालाही लिफ्ट आहे, आणि वरून चौक, घंटाघर आणि राजवाडा एका नजरेत समोर येतात.

वापोरेत्तोचा धक्का पाण्यावर तरंगता असतो, म्हणून भरती असो की ओहोटी, बोट आणि धक्का एका पातळीला राहतात. बदलतो तो काठावरून धक्क्यावर उतरणाऱ्या फळीचा उतार. दुसऱ्याच दिवशी आई त्या उतारावरून पाणी किती आहे ते सांगू लागली. बोटीवरचा खलाशी दोर खुंट्याला गुंडाळतो, आडवं फाटक सरकवतो, माणसं उतरवतो, चढवतो आणि दोर सोडतो. त्याच्या हातांकडे ती प्रत्येक थांब्यावर बघायची. बोटीचा आठवड्याचा पास तेव्हा 65 युरोंना होता, एकेरी तिकीट साडेनऊला. पाय वाचवायचे असतील तर पासाला पर्याय नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कुठल्याच यादीत वर नसलेल्या जागी. झात्तेरेवरून, एकही पूल न चढता, सान त्रोव्हाझोच्या कालव्याकाठी येता येतं. समोरच्या काठावर गोंडोला बांधायचा आणि दुरुस्त करायचा जुना कारखाना आहे. उतरत्या अंगणात उलथ्या घातलेल्या होड्या, मागे लाकडी घर. गोंडोला अकरा मीटरच्या आसपास लांब, आठ जातींच्या लाकडांची, आणि मुद्दाम वाकडी बांधलेली: वल्हं एकाच बाजूला असतं, म्हणून डावं अंग उजव्यापेक्षा रुंद ठेवतात, तेव्हा ती सरळ चालते. एक माणूस तळाचा जुना रंग खरवडत होता. मावशीने अलीकडच्या काठावर उभं राहून त्याचं सगळं काम पाहिलं. गोंडोलात बसायचा दर महापालिकेने दिवसा अर्ध्या तासाला 90 युरो ठरवून दिलाय, एका नावेत पाचजणांपर्यंत. मी तो कागदावर धरला होता. “बसायचं राहू दे,” मावशी म्हणाली, “उद्या परत इथेच येऊ.”

मुक्काम 21 नोव्हेंबरच्या पुढे नेला होता तो त्या दिवशीच्या सालूतेच्या सणासाठी. 1630 च्या प्लेगमध्ये शहरातली जवळजवळ एक तृतीयांश माणसं गेली. साथ हटली तर माता मरियेसाठी मंदिर बांधू असा नवस राज्यकर्त्यांनी बोलला, आणि ग्रँड कॅनॉलच्या तोंडाशी वास्तुकार लाँगेनाने सांता मारिया देल्ला सालूतेचं चर्च उभं केलं. त्या सणाला दरवर्षी कालव्यावर तात्पुरता पूल बांधतात आणि शहरात उरलेली माणसं त्यावरून मेणबत्ती लावायला जातात. आम्ही जील्योच्या थांब्यावर उतरून त्या पुलावरून निघालो. पुढेमागे म्हाताऱ्या बायका होत्या, नातवंडांचे हात धरलेल्या, कुणी काठी टेकत. चर्चच्या पायऱ्या चुकत नाहीत. त्या दोघींनी एकमेकींना धरून चढल्या, मध्ये दोनदा थांबून. दुसऱ्या दिवशीच्या कागदावर मी बुरानो बेट लिहिलं होतं, फोंदामेन्ते नोव्हेहून पाऊण तासाची बोट. मेणबत्ती लावून बाहेर आल्यावर मावशीने तो कागद मागून घेतला, बुरानो खोडलं आणि पेन आईच्या हातात दिलं. आईने तिथे झात्तेरे लिहिलं.