गोपनीय हवालदाराचा दिवस

सकाळी 9. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात हजेरी झाली की चारित्र्य पडताळणीसारखं 'गोपनीय'चं काम पाहणारे हवालदार आधी आवक टपाल बघतात. जिल्हा विशेष शाखेकडून निवड झालेल्या उमेदवारांनी भरलेले साक्षांकन नमुने आलेले असतात. कुणाची वनरक्षक म्हणून निवड झालेली, कुणाची तलाठी म्हणून. चारित्र्य पडताळणीचा अहवाल गेल्याशिवाय यांची नोकरी पक्की नाही.

10.30. सीसीटीएनएस या पोलिसांच्या संगणकीय गुन्हे-नोंदीत नावं तपासायची. एकाच नाव-आडनावाची माणसं तालुक्यात कितीतरी, म्हणून वडिलांचं नाव, वय, गाव ताडून पाहायचं. इथे घाई केली तर भलत्याच्याच पोराच्या नावावर गुन्हा चढतो.

दुपारी 12. गावात पोलीस पाटलांकडे. खरी चौकशी इथे होते. बांधावरून भाऊबंदकी पेटली की फिर्यादीत चुलता, पुतण्या, शहरात शिकणारा मुलगा, साऱ्यांची नावं घातली जातात. पोरगं सरकारी नोकरीला लागू नये, हाच कित्येकदा त्यामागचा डाव असतो. हे गावाला माहीत असतं, कागदाला नसतं. म्हणून अहवालात नुसता गुन्हा नंबर टाकून भागत नाही. मुलाचं नाव दोषारोपपत्रात आलं का, खटला कुठवर आला, निकाल काय लागला, हे सगळं लिहायलाच हवं. जो हवालदार एवढे कष्ट घेतो, तो एका घराचं भलं करतो असं मी मानतो.

3 वाजता एक उमेदवार वडिलांना घेऊन येतो.

"साहेब, केस लोकअदालतीत मिटली होती. म्हणून नमुन्यात 'नाही' लिहिलं."

"मिटली, पण झाली होती ना बाळा? कधी खटला झाला का, असं विचारलंय तिथं."

वडील मान खाली घालतात. 'नाही' लिही म्हणून त्यांनीच सांगितलेलं असतं.

5.30. अहवाल. ज्याचं काही नाही, त्याचा 'निरंक'. या मुलाचं जसं आहे तसं. नेमणूक द्यायची की नाही हे पोलीस ठरवत नाहीत, नियुक्ती प्राधिकारी ठरवतो. अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितलं की माहिती खरीच द्यावी लागेल. मात्र कोवळ्या वयातल्या घोषणाबाजीसारख्या किरकोळ प्रकरणात लपवणंही माफ करता येईल. उलट, खरं सांगितलं म्हणून नेमणुकीचा हक्क मिळतो असंही नाही. अल्पवयातल्या प्रकरणाला 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 24 संरक्षण देतं. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला घोर गुन्ह्यात प्रौढ मानून दोषी ठरवलं असेल, तर मात्र नाही.

संध्याकाळी 7. हवालदार बंदोबस्ताला निघतात.

तुमच्या घरात कुणाची निवड झाली असेल आणि त्याच्यावर कधी खटला झाला असेल, तर नमुना भरण्याआधी न्यायालयातून निकालाची प्रत काढा, 'होय' लिहा आणि प्रत सोबत जोडा. गावातल्या जाणत्यांनी 'नाही' लिहायचा सल्ला दिला, तर तो ऐकू नका.