आधी पत्ता, मग बाकी सगळं : जर्मनीतले पहिले दिवस

दर वर्षी सप्टेंबर संपता संपता पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून एम.एस.साठी निघालेली मुलं फ्रँकफर्ट, म्युनिक, बर्लिनच्या विमानतळांवर उतरतात. तोवर वर्षभर त्यांनी कागदच जमवलेले असतात : शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं एपीएसचं प्रमाणपत्र (भारतीय विद्यार्थ्यांना ते नोव्हेंबर २०२२ पासून लागतं), विद्यापीठाचं प्रवेशपत्र, श्पेअरकोन्टो या खास खात्यात वर्षाच्या खर्चाची रक्कम आणि शेवटी व्हिसा. साहजिकच कागदांचं काम संपलं, आता अभ्यास, असं वाटतं. पण उतरल्यावर कागदांची दुसरी फेरी सुरू होते. तिच्यात एक कागद दुसऱ्यावर अडलेला असतो, त्यामुळे कोणतं काम कशाच्या आधी करायचं याला फार महत्त्व आहे. तो क्रम निघण्यापूर्वीच कळला तर पहिला महिना कितीतरी हलका होतो, म्हणून इथे सावकाश सांगते.

समजा, एक मुलगी माग्डेबुर्गला निघाली आहे. बर्लिनला उतरून रिजनल ट्रेननं ती दोनेक तासांत पोचेल. तिच्या मनात पहिलं काम विद्यापीठात जाऊन नाव नोंदवण्याचं असतं. माझ्या मते पहिलं काम राहत्या घराचं आहे, आणि नुसतं डोक्यावर छप्पर मिळून भागत नाही. त्या घराचा मालक एका कागदावर सही करायला तयार हवा. जर्मनीत राहायला आलेल्या प्रत्येकाला घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांच्या आत शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीला आन्मेल्डुंग म्हणतात, आणि तिथली मराठी मुलं आपसात बोलतानाही हाच शब्द वापरतात. नोंदणीसाठी पासपोर्ट, एक फॉर्म आणि 'ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्याकडे राहते' असा घरमालकाचा सहीचा दाखला लागतो. भाडेकरार नेला म्हणून दाखल्याचं काम भागेलच असं नाही. दाखला वेगळाच मागतात.

इथेच पुष्कळ मुलं अडकतात. पहिले काही दिवस होस्टेलात किंवा पर्यटकांच्या खोलीत काढू, मग निवांत घर शोधू, असा विचार असतो. पण अशा जागांचे मालक सहसा तो दाखला देत नाहीत. मित्राच्या खोलीत राहायचं तर मित्र स्वतःच भाडेकरू असतो, दुसऱ्याला ठेवून घ्यायला त्यालाच घरमालकाची परवानगी लागते. मग कुणीतरी सुचवतं की पैसे देऊन नुसता पत्ता मिळतो, राहू नकोस, फक्त नाव नोंदव. या वाटेला अजिबात जाऊ नये. प्रत्यक्ष न राहणाऱ्याला नोंदणीसाठी पत्ता देणं हा तिथे गुन्हा धरला जातो, त्यासाठी ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. म्हणून खोली ठरवताना भाड्याच्या आधी विचारायचा प्रश्न एकच : इथे आन्मेल्डुंग होईल का?

सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे श्टुडिएरेंडनव्हेर्क या विद्यार्थी सेवा संस्थेची वसतिगृहं. भाडं कमी आणि दाखला बिनबोभाट मिळतो. मात्र प्रतीक्षायादी लांब असते, म्हणून प्रवेशपत्र हाती येताच, व्हिसाची वाट न पाहता, तिथे अर्ज टाकावा. खोली मिळाली की किल्ली कोण आणि कधी देणार हे नीट वाचावं. किल्ल्या इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरकडे असतात आणि त्याचे तास कामाच्या दिवशी, बऱ्याचदा सकाळचे असतात. शुक्रवारी रात्री सामानासह दारात पोचलं तर सोमवारपर्यंत किल्ली मिळत नाही. विमानाचं तिकीट काढताना दोन-तीन हजार रुपये वाचवण्यापेक्षा मंगळवारी सकाळी पोचणं जास्त किफायतशीर ठरतं. खासगी खोली घेतलीत तर अनामत रकमेला कायद्यानं मर्यादा आहे : वीज-हीटिंग वगैरे खर्च वगळून जे मूळ भाडं, त्याच्या तीन महिन्यांइतकी. त्याहून जास्त कुणी मागत असेल, किंवा 'मी परदेशात आहे, पैसे पाठव, किल्ली कुरिअरनं येईल' असं लिहीत असेल, तर तिथेच थांबावं. खोली ताब्यात घेताना भिंतीवरचे ओरखडे, गळका नळ, जमिनीवरचे डाग यांची लेखी नोंद करतात. लाजून 'ठीक आहे' म्हणू नये. प्रत्येक डाग लिहून घ्यावा, फोटो काढावेत. जाताना अनामत परत मिळते ती याच कागदावरून.

नोंदणीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती पटकन मिळत नाही. खोली पक्की झाली की भारतातूनच वेळ ठरवून टाकावी. दोन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली तर ती आपण कधी मागितली होती त्याचा पुरावा जपून ठेवावा.

फॉर्ममध्ये दोन जागी आपल्या माणसांनी सावध राहायला हवं. पहिली नावाची. आपल्याकडच्या बहुतेक पासपोर्टांवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, आणि जर्मन कार्यालयाच्या लेखी ती दोन्ही मिळून पहिलं नाव होतं. ते तसंच, त्याच क्रमानं सगळीकडे लिहावं. बँकेत एक, विम्यात दुसरं असं झालं की पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासे देत बसावं लागतं. दुसरी जागा धर्माची. वसई किंवा गोव्याच्या ख्रिस्ती मुलांना हे खास सांगायला हवं. कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल अशी नोंद झाली की पुढे प्राप्तिकर लागू होण्याइतकी कमाई झाल्यावर त्यावर चर्चचा करही लागतो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तो प्राप्तिकराच्या ८ टक्के आणि इतर राज्यांत ९ टक्के असतो. उत्तर खरंच द्यावं, पण त्याचा परिणाम माहीत असावा.

नोंदणी झाली की तिथल्या तिथे एक छापील कागद मिळतो. पुढची कितीतरी कामं त्याच्यावर चालतात. पण त्याआधी एक छोटंसं काम उरकायचं, आणि नवख्या माणसाला त्याचं महत्त्व कुणी सांगत नाही : टपालपेटीवर आपलं आडनाव लावायचं. तिथे पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन रस्ता आणि इमारतीचा क्रमांक बघतो, मग पेट्यांवरची आडनावं वाचत जातो. आडनाव नसेल तर पत्र परत जातं. आणि पहिल्या दोन महिन्यांत सगळं काही पत्रानंच येतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात आणि त्याचा पिन वेगळ्या दिवशी दुसऱ्या पाकिटात. आरोग्यविम्याचं कार्ड. नोकरी करायची तर लागणारा कर-क्रमांक, जो पत्ता नोंदवल्यावर काही आठवड्यांत आपोआप टपालानं येतो. परवानगी काढून साध्या कागदावर पासपोर्टातल्या स्पेलिंगनं आडनाव लिहून चिकटवलं तरी चालतं, पण ते पहिल्याच दिवशी व्हावं.

आता पैशांचं. श्पेअरकोन्टोत सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. घरच्यांना वाटतं, पैसे तर आधीच तिकडे गेलेत. पण ते खातं जर्मनीत पोचल्यावर चालू करावं लागतं. त्यासाठी जर्मन बँकेत साधं खातं लागतं, आणि बऱ्याच ठिकाणी पत्त्याच्या नोंदणीचा कागदही मागतात. म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे, कधी महिनाभरही, त्या पैशांना हात लावता येत नाही, आणि नेमकं याच दिवसांत अनामत, पहिलं भाडं, विद्यापीठाचं शुल्क, गादी-उशी-भांडी असं सगळं एकदम येतं. निदान दीड-दोन हजार युरो वेगळे, फॉरेक्स कार्डावर आणि थोडे रोख, जवळ असावेत. कर्ज काढून मुलाला पाठवणाऱ्या आईवडिलांनी हा आकडा सुरुवातीलाच हिशेबात धरावा. ऐनवेळी हे पैसे उभे करताना घरात फार धावपळ होते.

विद्यापीठाकडे वळू. प्रवेशपत्र मिळालं म्हणजे विद्यार्थी झालो असं नाही. नावनोंदणी वेगळी करावी लागते, तिला शेवटची तारीख असते, आणि ती चुकली तर जागा जाऊ शकते. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. सगळीकडे सत्राचं एक शुल्क असतं, त्यातून वसतिगृहं आणि मेन्सा नावाची स्वस्त खाणावळ चालते, आणि पुष्कळ ठिकाणी त्यातच प्रवासाचा पासही येतो.

नावनोंदणीसाठी आरोग्यविमा लागतो. सरकारी पद्धतीच्या विमा कंपनीत विद्यार्थ्याचा हप्ता महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास पडतो. सवलतीचा हा दर साधारण वयाच्या तिशीपर्यंतच मिळतो. कंपनी विद्यापीठाला परस्पर ऑनलाइन कळवते, कागद घेऊन जावं लागत नाही. याच सुमारास निम्म्याहून कमी हप्त्याच्या खासगी विम्याच्या जाहिराती दिसू लागतात. इथे मी अगदी आग्रहानं सांगेन : तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यानं त्या मोहात पडू नये. खासगी विमा घेऊन सरकारी विम्यातून एकदा सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत ती मागे घेता येत नाही. दातदुखी, अपघात, नैराश्यावरचे उपचार अशा वेळी खासगी विम्यातल्या अटी पहिल्यांदा नीट वाचल्या जातात. सत्र सुरू होण्याआधीच्या दिवसांपुरता प्रवासविमा घेतलेला असावा. जिवावरचं संकट असेल तर ११२, आणि रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण तितकं गंभीर नसेल तर ११६११७ हा नंबर फोनमध्ये ठेवावा.

रोजच्या जगण्यातलं थोडं. रविवारी दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनांवरची काही दुकानं आणि सकाळी थोडा वेळ बेकऱ्या तेवढ्या उघड्या. ३ ऑक्टोबर हा जर्मन एकीकरणाचा राष्ट्रीय सुट्टीचा दिवस, आणि तो नेमका नव्या मुलांच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्या दिवशीही सगळं बंद. म्हणून उतरल्याबरोबर दोन दिवसांचं खाणं घेऊन ठेवावं. सामानात तूप, पेढे, खवा, ताजा कढीपत्ता भरू नये. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत, आणि आईनं प्रेमानं बांधून दिलेला डबा विमानतळावर टाकून द्यावा लागतो. मेतकूट, गोडा मसाला, चटण्या खुशाल न्याव्यात. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या आणि कॅन फेकू नयेत. प्रत्येकी २५ सेंट आपण आधीच भरलेले असतात, सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटली घातली की ते परत मिळतात.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. शिकवणी इंग्रजीत असली तरी पत्रं जर्मनमध्येच येतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट किंवा मॅक्सम्युलर भवनात निघण्यापूर्वी एखादी पातळी तरी करून जावी. आकडे, तारखा आणि मुदत दाखवणारे शब्द वाचता आले तरी पुष्कळ झालं. प्रत्येक पत्र उघडावं, त्यावर आल्याची तारीख टाकावी आणि दोन भोकांच्या जाड फाइलमध्ये लावावं. पिवळ्या पाकिटावर पोस्टमननं स्वतः तारीख लिहिलेली असते. तिथून मुदत मोजली जाते, पाकीट तुम्ही कधी फोडलं याला किंमत नसते. पत्ता नोंदवल्यावर काही दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतं. ही फसवणूक आहे असं समजून मुलं ते फेकतात, आणि मग थकबाकी वाढत जाते. महिन्याला १८.३६ युरोंचं हे शुल्क माणशी नसून घरामागे एकच असतं. सामायिक फ्लॅटमध्ये आधीच कुणी भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवायचा आणि आपला वाटा त्याला द्यायचा. पत्र कळलंच नाही तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात किंवा श्टुडिएरेंडनव्हेर्कच्या सल्ला केंद्रात न्यावं. तिथली माणसं याच कामासाठी बसलेली असतात, त्यांच्याकडे जायला संकोच करू नये.

काम करून चार पैसे मिळवायची घाई सगळ्यांनाच असते. मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मात्र नोकरी म्हणून. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून घरपोच खाणं पोचवण्याची कामं विद्यार्थ्याच्या परवान्यावर वेगळ्या परवानगीशिवाय चालत नाहीत.

राहिला राहण्याचा परवाना. पासपोर्टावरचा व्हिसा किती तारखेपर्यंत आहे हे पहिल्याच आठवड्यात पाहावं. कुणाला वर्षाचा मिळतो, कुणाला तीन किंवा सहा महिन्यांचाच. पत्ता, नावनोंदणी, विमा आणि श्पेअरकोन्टो हे चारही कागद तयार झाले की परदेशी नागरिकांच्या कार्यालयात लगेच अर्ज करावा. भेटीची वेळ कित्येक आठवड्यांनंतरची मिळते, पण व्हिसा संपण्याआधी अर्ज पोचलेला असला तर निर्णय होईपर्यंत तिथलं राहणं कायदेशीरच राहतं. त्याचा पुरावा म्हणून तात्पुरतं प्रमाणपत्र मागून घेता येतं. या प्रमाणपत्राचे प्रकार असतात. जुना व्हिसाच पुढे चालू असल्याची खूण ज्याच्यावर आहे त्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येतं, इतरांवर येत नाही. नाताळच्या सुट्टीत घरी यायचं असेल तर तिकीट काढण्यापूर्वी आपल्या कागदावर कोणत्या चौकोनात खूण आहे ते कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावं.