अंदाज आणि वसुली

राज्याच्या अर्थसंकल्पात जमेच्या बाजूला जे आकडे असतात, ते तिजोरीतील पैशाचे नव्हेत. येऊ घातलेल्या पैशाचे असतात. हा भेद साधा आहे, तरी तो सहज विसरला जातो. संविधानाच्या २०२ व्या अनुच्छेदानुसार दरवर्षी विधिमंडळापुढे अंदाजित जमाखर्चाचे विवरण ठेवावे लागते. तो अंदाज खरा ठरला की नाही, हे कळावयास अवधी लागतो. सुधारित अंदाज पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात दिसतो आणि प्रत्यक्ष जमा त्याच्याही पुढच्या वर्षी. तोवर मूळ आकडा लोक विसरून गेलेले असतात.

अंदाज चुकतो तो दोन कारणांनी. पहिले कारण व्यापारातील मंदी. मुद्रांक शुल्क घरजमिनींच्या व्यवहारांवर अवलंबून असते, तर वाहनकर नव्या गाड्यांच्या खरेदीवर. उलाढाल थंडावली की हे सारे झरे एकदमच आटतात. दुसरे कारण मनुष्यस्वभावात आहे. खर्चाच्या मागण्या आधी ठरतात आणि त्यांच्याशी मेळ बसावा म्हणून जमेचा आकडा मागाहून फुगविला जातो.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा राज्यांना एक आधार मिळाला होता. २०१५-१६ चे उत्पन्न पायाभूत धरून त्यात दरसाल १४ टक्के वाढ गृहीत धरावी आणि तूट आल्यास पाच वर्षे भरपाई द्यावी, असे कायद्याने ठरले. ही मुदत ३० जून २०२२ रोजी संपली. आता अंदाजातील चुकीचा भार ज्या त्या राज्यालाच सोसावा लागतो.

तो भार नेमका कोठे पडतो? वेतन, निवृत्तिवेतन आणि कर्जावरील व्याज ही देणी टळत नाहीत. कर्ज काढावे, तर केंद्राचे देणे असलेल्या राज्याला २९३ व्या अनुच्छेदानुसार केंद्राची संमती लागते. मग कात्री लागते ती विकासकामांना. २०२० च्या टाळेबंदीत हे उघड दिसले. एप्रिल २०१९ मध्ये देशभरात वस्तू व सेवा कराची वसुली सुमारे १,१३,८०० कोटी रुपये होती. एप्रिल २०२० मध्ये ती सुमारे ३२,००० कोटींवर आली. त्याच वर्षी ४ मे रोजी महाराष्ट्र शासनाने विकासखर्चात ६७ टक्के कपात जाहीर केली व नवी कामे थांबविली.

ती आपत्ती होती. तिचा अंदाज कोणालाच बांधता आला नसता. परंतु एरवीच्या वर्षी हीच कात्री गाजावाजा न करता चालते. शाळेची खोली जोत्यापर्यंत येऊन थांबते, कालव्याचे अस्तरीकरण पुढच्या वर्षावर जाते, ठेकेदाराचे देयक पडून राहते. म्हणून नव्या योजनांच्या घोषणा ऐकताना नागरिकाने एक प्रश्न अवश्य विचारावा : मागील वर्षी किती जमा होईल असे सांगितले होते आणि किती झाली? सावध अंदाज सभागृहात टाळ्या मिळवीत नाही. पण सुरू झालेले काम तोच पुरे करतो.